तीन वर्षांची चिठ्ठी

आम्ही म्हणजे दोघं. एक पुण्याचा, बुधवार पेठेतला, हनफी. दुसरी खेडकडची, कोकणी, शाफई. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पैशावरून झाले नसतील इतके वाद आमच्यात असरच्या वेळेवरून झाले. तिची असर तासभर आधी लागते, त्याची नंतर. लिहिताना मात्र आम्ही ‘आम्ही’ असंच लिहितो, कारण एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय घराबाहेर जात नाही.

बुधवार पेठेत राहतो म्हटलं की समोरचा माणूस किंचित हसतो. याच पेठेत अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आहेत, तुळशीबाग आहे, दगडूशेठ गणपती आहे. याच पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली. पण लोकांना आठवते ती एकच वस्ती. आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या वस्तीतल्या बायका ट्रान्झिस्टर, पुढं टीव्हीचे रिमोट घेऊन यायच्या आणि ठरलेले पैसे ठरल्या दिवशी देऊन जायच्या. पांढरपेशा गिऱ्हाइकांबद्दल असं सांगता येणार नाही. असो.

दुकान बंद झालं, शाळेतली नोकरीही संपली, आणि मुलानं दक्षिण आफ्रिकेच्या सहलीचे पैसे भरून टाकले. केपटाऊनहून निघायचं, नामिबिया आणि बोत्सवाना ओलांडून झिंबाब्वेत व्हिक्टोरिया धबधब्यापाशी थांबायचं. वीस दिवस, सुमारे साडेपाच हजार किलोमीटर, बारा माणसं, एक ट्रक. ट्रक म्हटल्यावर आम्ही घाबरलो. मुलगा म्हणाला, "अब्बा, आत आरामखुर्च्या असतात. तंबू नाहीत, रोज रात्री पलंग आणि गरम पाणी." ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही निघालो. सगळ्यांना सांगितलं की प्राणी बघायला चाललोय. अम्मीला, म्हणजे तिच्या आईला, वेगळं सांगावं लागलं नाही. केपटाऊन हे नाव ऐकताच अम्मी उठून आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट घेऊन आल्या.

पाकिटाच्या मागं पत्ता होता : कॅलेडन स्ट्रीट, डिस्ट्रिक्ट सिक्स, केपटाऊन. ते नानांचं पत्र होतं.

खेड, चिपळूण, माणगावकडचं मोर्बा, या भागातली माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केपटाऊनला गेली. ती गिरमिटिया नव्हती. स्वतःच्या पैशानं तिकीट काढून गेली. तिथं कुणी भाजी-फळं विकली, कुणी दुसऱ्याच्या दुकानात राबला, कुणी पुढं स्वतःचं दुकान टाकलं. नाना १९२० च्या सुमारास अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांकडे गेले. मोठ्या माणसाला नव्यानं प्रवेश १९१३ च्या कायद्यानंतर जवळजवळ बंदच होता, पण तिथं वस्ती असलेल्यांची अल्पवयीन मुलं अजून जाऊ शकत. गावी यायचं तर सरकारी चिठ्ठी घ्यावी लागे, फोटो आणि हाताचे ठसे देऊन. आणि सलग तीन वर्षं बाहेर राहिलं तर तिथला हक्क जायचा. म्हणून आमच्या घरात तिचं नाव ‘तीन वर्षांची चिठ्ठी’.

नाना १९३० ला आले, लग्न करून गेले. १९३७ ला आले, गेल्यानंतर अम्मी जन्मल्या. १९४६ ला आले तेव्हा अम्मी आठ वर्षांच्या होत्या. एवढाच नानीचा संसार, तीन मुक्कामांचा. दुसऱ्या मुक्कामात जायचे दिवस आले तेव्हा नानीनं ती चिठ्ठी तांदळाच्या कणगीत लपवली. दोन दिवस अख्खं घर पालथं घातलं. सासरे ओरडले, नाना गप्प बसून राहिले. तिसऱ्या दिवशी नानीनं स्वतःच हात घालून ती काढून दिली. हा किस्सा अम्मी हसत सांगतात. नानी तो कधीच सांगत नसे.

नानी का गेली नाही? कायद्याचं बोट दाखवता येतं. मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम नावाच्या स्त्रीला उतरू देण्यास नकार दिला. एकापेक्षा जास्त बायका करण्याची मुभा ज्या धर्मात आहे त्या धर्मानुसार झालेलं लग्न तिथल्या कायद्यात धरलं जाणार नाही, असा त्याचा अर्थ. एका निकालानं हिंदू-मुसलमानांच्या हजारो निकाहित-विवाहित बायका कागदोपत्री कुणाच्याच राहिल्या नाहीत. गांधीजींच्या त्या वर्षीच्या सत्याग्रहात बायका उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, त्यामागं हेही कारण होतं. १९१४ मध्ये कायदा बदलला आणि एक बायको मान्य झाली. म्हणजे नानीला दार उघडं होतं. पण घरची शेती, म्हातारे सासू-सासरे, आणि बाईनं दर्या ओलांडायचा नाही ही रीत. १९५३ च्या कायद्यानं परदेशात लग्न केलेल्या बायकांचं ते दारही बंद झालं. त्याआधीच्या तेवीस वर्षांचा हिशेब सरकारवर टाकता येत नाही.

नानांचं शेवटचं पत्र १९६२ चं. मग कुणीतरी त्यांच्या मरणाची खबर लिहून पाठवली. कबर कुठं, काही नाही. तिथं त्यांचं दुसरं घर होतं का, हे गावात सगळ्यांनी बोलून घेतलं, फक्त नानीसमोर कुणी बोललं नाही. आपल्या पासपोर्टवर तेव्हा दक्षिण आफ्रिका सोडून, असं छापलेलं असे. जाऊन बघायची सोयच नव्हती.

केपटाऊनला ट्रक सुटण्याआधी आमच्या हातात दोन दिवस होते, गुरुवार आणि शुक्रवार. उतरलो बो-काप भागात. तिथं १७९४ ची अव्वल मशीद आहे, त्या देशातली पहिली. डच लोकांनी पूर्वेकडून गुलाम आणि कैदी म्हणून आणलेल्यांच्या वंशजांची ही वस्ती, आणि बहुतेक शाफई. शुक्रवारी फजरला आमच्यातला हनफी मशिदीत गेला. दुसऱ्या रकातला रुकूनंतर अख्खी जमात कुनूतसाठी हात उचलून उभी, आणि हा एकटा सजद्याच्या वाटेवर. परत आल्यावर त्यानं हे सांगितलं, तेव्हा दुसरी इतकी हसली की शेजारच्या खोलीतल्यांनी भिंत वाजवली. चव्वेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच बहुमतात होती.

तिथं आणखी एक गोष्ट कळली, ती या अंकाच्या वाचकांना सांगायलाच हवी. आफ्रिकान्स ही गोऱ्यांची, वर्णद्वेष्ट्या सरकारची भाषा म्हणून आपण ओळखतो. पण ती घडली गुलामांच्या स्वयंपाकघरातही, आणि तिच्यातल्या अगदी सुरुवातीच्या लिखाणातलं बरंचसं अरबी लिपीत आहे. मदरशातल्या मुलांना दीन शिकवायचा तर त्यांच्याच बोलीत, म्हणून उस्मानी सुलतानानं पाठवलेल्या अबूबकर एफेन्दींनी ‘बयानुद्दीन’ हा ग्रंथ त्या बोलीत, अरबी अक्षरांत लिहिला आणि तो १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. ‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसं लिहिता?’ हा प्रश्न आपण जन्मभर ऐकला. बो-कापच्या रस्त्यावर कोबीचा गड्डा निवडत आफ्रिकान्समध्ये घासाघीस करणारी रुमालवाली आजी बघितली आणि वाटलं, हिला असा प्रश्न विचारायची हिंमत कुणाची होणार नाही.

दुपारी डिस्ट्रिक्ट सिक्सला गेलो. म्हणजे ते जिथं होतं तिथं. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारनं तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर केला. पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसं हलवली, घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी आणि चर्च तेवढी ठेवली. हॅनोव्हर स्ट्रीट या हमरस्त्यावर एकाला एक लागून दुकानं होती म्हणतात. आम्हाला मोकळं गवत दिसलं. जवळच एका जुन्या चर्चमध्ये १९९४ साली संग्रहालय झालं. त्याच्या जमिनीवर सबंध वस्तीचा नकाशा पसरलेला आहे, आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली आहेत. कॅलेडन स्ट्रीट सापडला. ती गुडघे दुखत असताना खाली बसली आणि बोटानं रस्ताभर नावं वाचत गेली. नानांचं नाव नव्हतं. कोण लिहिणार?

एक वयस्क गृहस्थ बघत होते. जवळ येऊन तोडक्यामोडक्या कोकणीत त्यांनी गाव विचारलं. त्यांचे आजोबा चिपळूणकडचे. पाकीट पाहून ते म्हणाले, रोलंड स्ट्रीटवर जुन्या तुरुंगाच्या जागी सरकारी अभिलेखागार आहे, तिथं हिंदी लोकांच्या चिठ्ठ्यांच्या फायली आहेत. पण आज वेळ संपली. सोमवारी या. कबरस्तानची वहीही सोमवारी बघू.

आमचा ट्रक शनिवारी सकाळी सातला.

त्या रात्री आम्ही फार बोललो नाही. सहल सोडली तर पैसे बुडणार, परतीचं विमान व्हिक्टोरिया धबधब्याहून, चार देशांचे व्हिसा, मुलाला काय सांगायचं. सगळी कारणं खरी होती. पहाटे तीच म्हणाली, "चला." खडीचा रस्ता लागेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. नानांनीही असंच काहीतरी खरं कारण सांगितलं असेल, हे दोघांच्याही मनात आलं. बोललो ते पुण्याला आल्यावर.

सहल छान झाली, हे लपवायचं कशाला? नामिबच्या वाळूच्या तांबड्या टेकड्या, त्यांच्या पोटात सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली, अजून न कुजलेली झाडं, हे सगळं पाहिलं. मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला तिथं ‘पाप’ म्हणतात. "आज रात्री पाप आहे," असं आचाऱ्यानं जाहीर केलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. केपटाऊन सुटल्यावर हलाल मांस मिळेना, म्हणून पाप, अंडी आणि मासे यांवरच निभावलं. किब्ल्याचा गोंधळ मोठा. इथं आपण मावळतीकडे तोंड करतो. तिथं काबा उत्तरेला, थोडा पूर्वेकडे, आणि भर दुपारी सूर्यही उत्तरेलाच. पहिले तीन दिवस मुसल्ला अंथरला की पाय आपोआप पश्चिमेकडे वळायचे. वाटाड्या चेष्टेनं म्हणायचा, "आमचे आठ चित्ते गेल्या वर्षी तुमच्याकडे गेले, त्यांना दिशा सापडली का?" आपले चित्ते १९५२ मध्येच संपल्याचं जाहीर झालं होतं, हे आम्ही त्याला सांगितलं.

इटोशाच्या ओकाउकुएयो मुक्कामाला पाणवठ्याशेजारीच राहायची सोय आहे. रात्रभर पाण्यावर मंद दिवा असतो, आणि माणसं बाकांवर न बोलता बसून राहतात. नऊला बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. थंडी अशी की चादरी गुंडाळल्या. जर्मन जोडपं झोपायला गेलं. साडेअकराला अंधारातून काळा गेंडा आला, पिल्लू बरोबर. पाणी प्यायले, निघून गेले. ती उठेना. म्हणाली, "अजून थोडं बसू. वाट बघायची सवय आमच्या घरात आहे."

ट्रकचा चालक झिंबाब्वेचा, बुलावायोकडचा. महिन्यातले दोन-तीन दिवस घरी, बाकी याच रस्त्यावर. तिनं एकदा त्याला विचारलं, बायको रागावत नाही का? तो हसला, खिशातला फोन दाखवला. नेटवर्क आलं की तो ट्रकच्या मागं जाऊन बोलायचा, आणि आम्ही मुद्दाम चहाला वेळ लावायचो. शेवटच्या मुक्कामी त्याची बायको बसनं आली होती, कडेवर पोरगा. दीड किलोमीटरहून रुंद धबधबा बाजूला गर्जत होता, आणि ती मात्र त्या बाईच्या मुलाचा शर्ट नीट करत बसली.

पुण्याला आलो. डिसेंबरात भिडेवाडा पाडला, स्मारकासाठी. रात्रीतून रिकामी जागा झाली. ती गॅलरीतून परतली आणि एवढंच म्हणाली, "इथं निदान कोण राहत होतं ते लिहून ठेवलंय."

त्या गृहस्थांचा निरोप चार महिन्यांनी आला. कबर सापडली नाही. फाईल सापडली. मोबाईलवर तीन फोटो. पहिल्यात नाना, तीस वर्षांचे, टाय लावलेले. दुसऱ्यात शाईतले दोन्ही पंजे, दहाही बोटं. तिसऱ्यात ती चिठ्ठी, १९३७ ची, परतल्यावर सरकारजमा झालेली. बहुधा कणगीतली तीच. अर्जात बायकोचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं : एक, हिंदुस्थानात. पुढं नानीचं नाव. नंतरच्या पंचवीस वर्षांचा कागद त्या फायलीत नव्हता, आणि आम्ही मागितलाही नाही.

अम्मींनी फोन डोळ्यांजवळ धरला. बापाकडे थोडं पाहिलं, पंजांवरून बोट फिरवलं, तर चित्रच पुढं सरकलं. मग रकान्यातलं नाव मोठं करून दाखवायला सांगितलं. इंग्रजीतली अक्षरं एकेक विचारून घेतली.

"अम्माचं नाव चुकीचं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करून मिळतं का तिकडं?"

आम्ही म्हटलं, विचारून बघतो.