बिडावरची अक्षरे

किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत माझे वडील साचे भरीत, आणि रजेच्या दिवशी गावी आले म्हणजे परसात पडलेल्या आजोबांच्या लोखंडी नांगरावरील मातीने बुजलेली अक्षरे बाभळीच्या काट्याने उकरून मजकडून वाचवून घेत. वाळूच्या साच्यात जे अक्षर असते ते बीड निवताच अंगावर उठून येते, म्हणून ते वस्तूच्या जन्माबरोबरचे. आणि मागाहून पोलादी ठशावर हातोडी हाणून जो अंक आत रुतवितात तो दफ्तरातील फेरफाराच्या नोंदीसारखा, हे मी त्यांच्याकडून मुळाक्षरांइतक्याच सहजपणे शिकलो. किर्लोस्करांचा पहिला नांगर १९०३ सालचा. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना, ही हकीकत सांगताना वडिलांच्या स्वरात घरच्या माणसाचा अभिमान असे.

पुढे चरितार्थासाठी आयर्लंडातील कॉर्क शहरी वास्तव्य घडले, आणि या शहरालाही बिडाचाच वारसा असल्याचे पाहून माझे परकेपण पुष्कळसे ओसरले. ली नदीच्या काठी मरीना भागात हेन्री फोर्डने १९१७ साली कारखाना स्थापला, ३ जुलै १९१९ रोजी तेथून पहिला फोर्डसन ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि १९८४ साली त्याला कायमचे कुलूप लागले. परंतु ज्या बॅलिनास्कार्थीच्या परिसरातून १८४७ च्या दुष्काळात हेन्रीचे वडील विल्यम फोर्ड अमेरिकेस गेले, त्या गावात आजही रस्त्याकडेला ‘मॉडेल टी’ची चकचकीत पोलादी प्रतिकृती उभी आहे.

तिकडच्याच एका वृद्ध शेतकऱ्याच्या कोठारात, गवताच्या गंजीआड, त्याच्या आजोबांची खरीखुरी ‘मॉडेल टी’ होती. कागदपत्रे सारी गहाळ. गाडी कोणत्या सालची, एवढेच त्याला हवे होते. चारही सिलिंडर एकाच ओतकामात साधलेला तिच्या इंजिनाचा ठोकळा आम्ही रॉकेलने भिजवून तारेच्या ब्रशने घासला, बॅटरीचा उजेड तिरपा धरला, आणि त्याच्या कुशीवर उठावाचे आकडे स्पष्ट झाले : १०-२-२३. आम्ही दोघेही आधी दिवस लिहिणाऱ्या देशांतले, तेव्हा ती १० फेब्रुवारी ठरली. मग पाण्याच्या नळीवरच्या सपाट उंचवट्यावर खडू चोळून वरवर पुसला, तेव्हा रुतलेला क्रमांक पांढरा होऊन उमटला. त्यातला शेवटचा ‘१’ किंचित डावीकडे कललेला होता. त्या काळी इंजिनाचा क्रमांक तोच गाडीचा क्रमांक. कारखान्याच्या नोंदींशी त्याची रुजवात घातली तो ऑक्टोबर १९२३ चा पहिला आठवडा निघाला. ओतलेला ठोकळा आठ महिने पडून राहिला? लक्षावधी गाड्यांच्या त्या घाईत हे संभवत नव्हते. अमेरिकेत महिना आधी लिहितात हे ध्यानात आले, आणि फेब्रुवारीचा ऑक्टोबर होऊन दोन्ही साक्षी अवघ्या काही दिवसांच्या अंतरावर येऊन मिळाल्या.

ठोकलेला अंक घासून त्या जागी दुसरा बसविणारे व्यापारी आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून चीड आहे. कारण तो अंक कुणा एका माणसाच्या मनगटाचा घाव असतो. म्हाताऱ्याने त्या कललेल्या एकावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी पातळ कागद लावून त्यावर शिसपेन्सिल फिरवली व दोन प्रती घेतल्या. एक त्याला दिली, आणि दुसरी घरी आणून नांगरावरच्या अक्षरांच्या, वडिलांनी काढलेल्या कागदाशेजारी ठेवली.