तांड्याचा पहारा

गोंदियाहून उत्तरेस निघाले की वैनगंगेच्या काठी बालाघाट लागते. घाटमाथ्याचा हा मुलूख १८६७ साली जिल्हा झाला. आगगाडी येण्यापूर्वी मध्य प्रांतातील रानवाटांनी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून नेत. त्यांच्यापाशी कुलूप कोठले? मुक्कामी ते गोण्यांचा कोट रचीत, आत बैल बांधीत, कुत्री राखणीला ठेवीत आणि पाळीपाळीने जागत.

आता बैलांचे काम ट्रॅक्टरची ट्रॉली करते. तिला ना इंजिन, ना किल्ली. जो जोडील त्याच्यामागे ती निमूटपणे जाते. चोर ट्रॉली नेतो, कर्जाचे हप्ते मात्र घरीच राहतात! म्हणून रात्री जोडाची पिन काढून घरात न्यावी, चाकातून साखळी ओवून भक्कम कुलूप लावावे आणि लोखंडावर आपली खूण कोरावी.

तरीही खरे राखण माणसांचेच. तांड्यात एकाचा माल हा सर्वांचा पहारा असे. चोराच्या वेळेविषयी सावध राहणाऱ्या घरधन्याचा दाखला प्रभू येशूने आपल्याला दिला आहे. त्या जागरणात शेजाऱ्याच्या अंगणावरही आपली नजर असावी. तीही शेजारप्रीतीच होय.