बक्षिसाला माझा विरोध होता

तरुण मंडळातल्या पोरांना प्रमाणपत्रं आणि पदकं देऊ नयेत, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. ताडकळसमध्ये मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला की मी आडवा यायचो. शाळेत मागच्या बाकावर बसवलेलं पोर मंडळात मोकळा श्वास घेतं. तिथंही नंबर आणि स्टेजवरचे सत्कार आणले तर ते इथूनही मागे सरेल, असं मला वाटायचं. आज त्याच मंडळात पुरस्काराच्या पायऱ्या सुरू करा म्हणून मी हट्ट धरून बसलो आहे.

विरोध उगाच नव्हता. आपल्याकडचे युवकांचे पुरस्कार बहुतेक एकाच विजेत्याला शोधतात. राज्य शासनाचा जिल्हा युवा पुरस्कार म्हणजे आमच्या अख्ख्या परभणी जिल्ह्यातून एक युवक, एक युवती आणि एक संस्था. नेहरू युवा केंद्राचा उत्कृष्ट युवा मंडळाचा पुरस्कार मंडळाच्या नावावर जमा व्हायचा. त्यासाठी फाइल करायची, फोटो आणि कात्रणं चिकटवायची. या पुरस्कारांचं मोल मी कमी लेखत नाही. पण वर्षभर वाचनालयाची पुस्तकं लावणाऱ्या पोराच्या हाती त्यातून काय पडतं?

मत हललं ते एका पोरामुळे. हरिनाम सप्ताहाच्या काल्याची पंगत तो सांभाळायचा. किती माणसांना किती तांदूळ, किती डाळ, वाढपी कुठं उभे करायचे, पाणी कुणाकडे, वर्गणीतून किराण्याचे किती गेले, सगळं त्याच्या डोक्यात. तो पुण्याकडे कामाला गेला. तिथं विचारलं, काय येतं? हा म्हणाला, काही नाही, दहावी नापास आहे. गावी आल्यावर त्यानं स्वतःच मला हे सांगितलं, आणि अगदी सहज सांगितलं. त्या सहजपणानं मला हलवलं. गाजावाजा न करता होणाऱ्या ज्या शिकण्याचं मी कौतुक करत होतो, ते आपल्याला आलंय हे शिकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. त्याला ते कुणी कधी नाव घेऊन सांगितलंच नव्हतं, मीही नाही.

मग मी दुसऱ्या प्रकारचे पुरस्कार बघू लागलो. इंग्लंडमध्ये १९५६ साली प्रिन्स फिलिप यांनी ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार सुरू केला. कल्पना त्यांचे मुख्याध्यापक कुर्ट हान यांची, आणि पहिले संचालक जॉन हंट, म्हणजे १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पायऱ्या. वय चौदा ते चोवीस. सेवा, एखादं कौशल्य, शरीराचा व्यायाम आणि छोट्या गटानं स्वतः आखलेला प्रवास, अशी चार अंगं. सुवर्णाला घराबाहेर राहून करायचं एक काम वाढतं. यात कुणी कुणाला हरवत नाही. ध्येय ज्याचं त्यानं ठरवायचं आणि आठवड्याला थोडं थोडं करून महिनोन्‌महिने टिकवायचं. भारतातही हा कार्यक्रम चालतो, पण शहरातल्या शाळांत जास्त दिसतो. आपल्या स्काउट-गाइडचे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार हेही याच जातीचे. एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचा जात नाही.

अशा पायऱ्या आमच्याकडे कुठं लागतात ते पहाटे रस्त्यावर दिसतं. तिथं पोरं पळतात ती पोलीस भरतीसाठी. मैदानी परीक्षेचे पन्नास गुण: मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. जागा मोजक्या, पळणारे असंख्य. निवड हुकली की तीन-चार वर्षांची पहाट वाया गेली असं घरचेही म्हणतात आणि तो स्वतःही. त्याच पळण्याला त्यानं ठरवलेलं ध्येय आणि त्याची नोंद असती, तर धाकट्या पोरांना पळायला शिकवणं ही त्याची पुढची पायरी झाली असती. भरतीची भाकरी याने मिळणार नाही, हे मला कळतं. पण हातात काहीच उरलं नाही, ही भावना तरी पोराला गिळणार नाही.

मुलींचं तर याहून तातडीचं आहे. इंग्लंडातही हा पुरस्कार मुलींना दोन वर्षांनी, १९५८ला खुला झाला. आमच्या मंडळाच्या बैठका रात्री पारावर होतात. तिथं मुली येणार कशा? नुसतं ‘सगळ्यांना मोकळी जागा’ म्हणून भागत नाही, ती जागा पोरांनीच भरून जाते. ठरलेली वेळ, लिहिलेला कार्यक्रम आणि सोबत एखादी जबाबदार ताई असली की आईबाप पाठवतात. त्यांच्या गटाच्या प्रवासासाठी गोदावरीकाठचं गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव, मला योग्य वाटतं. वाट मुलींनीच आखायची, मुक्काम आणि शिदोरीही त्यांनीच ठरवायची.

एका गोष्टीवर मात्र मी अजून अडून आहे. पोराच्या नोंदवहीवर सही पुढाऱ्याची नको, प्रमुख पाहुण्याचीही नको. जो माणूस दर आठवड्याला त्या पोराजवळ उभा होता, मग तो वायरमन असो, तालमीतला वस्ताद असो की अंगणवाडीताई, सही त्याची. आणि सहीखाली दोन ओळी: या पोरानं काय केलं, आधी काय येत नव्हतं, आता काय येतं. मंडळातल्या काहींना समारंभ हवा आहे, आमदारांना बोलवू म्हणतात. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.