उन्हाळ्याच्या खात्यावर

नागपूरचा मे महिना मोठा सोयीचा. अंगाला काही झाले की ते त्याच्या खात्यावर मांडावे आणि मोकळे व्हावे. २००९ साली मूल व्हावे म्हणून डॉक्टरांनी मला क्लोमिफेनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा असाच मे तापला होता. महिन्यातले पाच दिवस, रोज एक गोळी. चेहरा, मान एकाएकी भट्टीसारखी तापे, घाम सुटे आणि घटकेत सगळे निवून जाई. "ऊन लागलं असन तुले," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पन्हे केले, पदराला कांदा बांधला. मलाही ते पटले. जिच्याकडे मूल मागायचे, त्या गोळीवर संशय तरी कसा घ्यावा?

जूनअखेर शाळा उघडली, पाऊस आला. उन्हाळ्याचे खाते बंद झाले. त्या महिन्याच्या गोळ्यांबरोबर तीच लाट पुन्हा आली. चौथीच्या वर्गात शुद्धलेखन लिहिताना फळ्यावरच्या अक्षरांभोवती काजवे चमकू लागले. एका मुलीवर मी विनाकारण इतकी ओरडले, की तिच्याआधी मलाच रडू आले.

त्या रात्री खोक्यातला घडीचा कागद उलगडला. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोश घेऊन बसले. अंगातून वाफा, ओटीपोट जड होणे, मळमळ, डोकेदुखी. शंभर गर्भारपणांत सात-आठ जुळी, हेही होते. (ते सासूबाईंना सांगितले नाही, त्यांनी झबल्यांची जोडी शिवायला घेतली असती.) आणि खाली : डोळ्यांपुढे चमकले, अंधुक दिसले, तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. चार दिवसांत काजवे गेले. "आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. विचारले कुणी होते? दर महिन्याला सारे घर एकच विचारी, "काही आहे का?"

पुढे लेट्रोझोल घेतले. ती मुळात स्तनाच्या कर्करोगावरची गोळी. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी तिचा वापर थांबवला, २०१७ मध्ये पुन्हा मोकळा केला. मधल्या काळात मी स्वतःच्या अंगात काय काय शोधत बसले, ते लिहीत नाही. इंजेक्शनांच्या वाटेला मात्र गेलो नाही. त्यांनी अंडाशय फार सुजून पोटात पाणी साचू शकते, हे या वेळी आधीच विचारून घेतले होते.

गेल्या एप्रिलात, सकाळच्या शाळेत, लग्नाला चार-पाच वर्षे झालेली आमची एक शिक्षिका भिंतीला टेकून पदराने वारा घेत होती. "ऊन लागलं, बाई," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. "गोळी कोणती चालू आहे गं?"