न घेतलेलं यंत्र

पन्नाशी जवळ आलेली असताना नोकरी गेली की ओळखीचे लोक आधी दुसऱ्या नोकरीची चौकशी करतात. महिना-दोन महिने उलटले की प्रश्न बदलतो, "मग सध्या काय?" या प्रश्नाला हल्ली एक उत्तर तयार असतं, "कन्सल्टन्सी सुरू केलीय." ऐकणारा मान डोलावतो आणि विषय पुढे सरकतो. बऱ्याच जणांसाठी हे उत्तर म्हणजे पुढची नोकरी मिळेपर्यंतचा आडोसा असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, माणसाला काही काळ आडोसा लागतोच. पण शहापूर आणि मुरबाडच्या खेड्यांत हे काम रोजचं काम म्हणून करायला लागल्यावर मला जो प्रश्न पडला, तो आडोशाला बसून सुटणारा नव्हता. सल्ल्याचे पैसे नेमके कशाबद्दल घ्यायचे?

मी खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात होतो. आसनगावहून पहाटेची लोकल, रात्री परत, अशी वर्षं गेली. कंपनीचं विलीनीकरण झालं, दोन विभागांचा एक विभाग झाला आणि माझी जागा त्यात उरली नाही. ही गोष्ट काही माझ्या एकट्याची नाही. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीने बारा हजारांहून अधिक माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यात मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं जास्त असतील असंही सांगितलं. आमच्या भागाने तर याआधी मोठा घाव सोसला आहे. कल्याणजवळच्या मोहन्याची एनआरसी ही कंपनी 2009 मध्ये बंद पडली, तेव्हा शहापूर, टिटवाळा, मुरबाडकडच्या कितीतरी घरांतली चूल एकदम थंडावली. त्या कामगारांना 'कन्सल्टन्सी' म्हणायची सोय नव्हती. कुणी रिक्षा घेतली, कुणी किराणा मांडला, हातात कसब असलेल्यांनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. त्यांच्याकडे मोटार दुरुस्तीला नेली की ती जळाली का, व्होल्टेज कमी होतं की पंपात गाळ होता, हेही ते सांगत. पैसे मात्र तांब्याच्या तारेचे आणि मजुरीचे. सांगितल्याचे काही नाही.

इथेच सगळी गोम आहे. आमच्याकडे माल आणि मजुरी यांचे पैसे देण्याची रीत आहे. बोलण्याचे पैसे देण्याची नाही. आणि त्यामागे लोकांचा कंजूषपणा नाही, अनुभव आहे. बॅग आणि फाइल घेऊन जो जो माणूस गावात आला, त्याने काहीतरी मोफत सांगितलं आणि काहीतरी घेऊन गेला. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्याच्या परिसरात. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा एकटी भातसा उचलते आणि एप्रिल-मेमध्ये तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. समृद्धी महामार्गाच्या जमिनींचे मोबदले आले, तेव्हा ते पैसे कशात घालावेत हे सांगणारे दारोदार हिंडत होते. त्यांनी कुणाकडून फी घेतली नाही. त्यांचं मानधन त्यांना दुसरीकडून मिळत होतं.

अशा ठिकाणी मी फी घेऊन सल्ला द्यायला निघालो होतो.

किन्हवलीच्या बाजूला एक भातगिरणी आहे. वडिलांनी हलर टाकला होता, मुलाने त्याची गिरणी केली. आजूबाजूच्या गावांतलं भात तिथे भरडायला येतं. दोन हंगाम त्याच्याकडे एकच तक्रार होती. तांदळात कणी फार पडते. शेतकरी पोतं उघडून मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायचा, बोटाने कणी बाजूला सारायचा आणि काही न बोलता पुढच्या खेपेला दुसऱ्या गिरणीत जायचा. यंत्र विकणाऱ्याने येऊन पाहणी केली होती. जुनं यंत्र काढून पूर्ण नवा संच बसवा, कर्जाचं प्रकरण मी करून देतो, असं त्याने सांगितलं होतं. कोटेशन भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेलं होतं. सही करण्याआधी कुणालातरी विचारावं म्हणून मुलाने मला बोलावलं.

मी यंत्रापेक्षा भात आधी पाहायला मागितलं. कार्तिक लागला होता. येताना रस्त्याच्या कडेला डांबरावर भात पसरलेलं दिसलं होतं, अगदी पातळ थर, दुपारच्या उन्हात तापलेला. चौकशी केली तर बरेच जण ते रात्री तसंच उघड्यावर ठेवतात असं कळलं. नोव्हेंबरात आमच्याकडे पहाटे चांगलंच दंव पडतं. दिवसा झपाट्याने सुकलेला दाणा रात्री दंवाची ओल पुन्हा ओढून घेतो. बाहेरचा भाग फुगतो, आतला तसाच राहतो आणि दाण्याला आडवे बारीक तडे जातात. तुसाच्या आत असल्यामुळे ते दिसत नाहीत. मग गिरणीत रोलची घासण बसली की दाणा त्या तड्यावरच मोडतो.

हे नुसतं सांगून पटण्यासारखं नव्हतं. म्हणून मी एका पोत्यातले मूठभर दाणे हातानेच सोलायला सांगितले. गिरणीवाला मुलगा, त्याची आई आणि मी, तिघं बसून नखाने तूस काढत होतो. मोबाइलची टॉर्च लावून काच वर ठेवली, काचेवर दाणे मांडले. खालून उजेड आल्यावर पाणीदार दाण्यात काळसर केसासारख्या रेघा दिसायला लागल्या. एका दाण्यात एक, काहींत दोन-तीन. तो मुलगा बराच वेळ वाकून पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे भाऊ, गिरणीत यायच्या आधीच तुटलेला असतोय हा."

शेलरचे रबर रोल झिजले होते, ते बदलायला सांगितले. बाकी सगळा सल्ला यंत्राच्या बाहेरचा होता. भाताचा थर दोन-तीन बोटं जाड ठेवायचा, अर्ध्या-पाऊण तासाने पालटायचा, ऊन फार चढलं की झाकायचं, दिवस मावळायच्या आत ताडपत्री घालायची, ओल चौदा टक्क्यांच्या आसपास आली की थांबायचं आणि भरडण्याआधी भात सावलीत मुरू द्यायचं. ओल मोजायचा छोटा मीटर घ्यायला लावला. खरी अडचण पुढे होती, कारण भात गिरणीवाल्याचं नाही, शेतकऱ्याचं. दारात मीटर लावून "हे ओलं आहे, दोन दिवसांनी आणा" म्हणायचं म्हणजे आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं. त्याच्या आईला ते अजिबात पसंत नव्हतं. पण मुलाने धीर धरला. काही ताडपत्र्या विकत घेऊन गिऱ्हाइकांना फिरत्या द्यायला लागला. काही गिऱ्हाइकं तुटली, काही पुढच्या महिन्यात परत आली. कणी संपली नाही, ती कधीच संपत नसते. पण तळहातावर तांदूळ घेऊन गप्प होणारी माणसं कमी झाली.

आणि मग फीचा विषय निघाला. तो मुलगा सरळ मनाचा. म्हणाला, "भाऊ, तुमचं काय द्यायचं ते सांगा. पण घेतलं तर आपण काहीच नाही ना." त्याच्या बोलण्यात घासाघीस नव्हती. नवीन यंत्र बसलं असतं तर लाखांचा व्यवहार झाला असता आणि त्यात माझे काही हजार कुणाला खुपले नसते. यंत्र आलं नाही, कर्ज झालं नाही, हप्ता सुरू झाला नाही. जे घडलंच नाही त्याचं बिल कसं करायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात नाही, म्हशाच्या यात्रेत सापडलं. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि तिथला बैलबाजार जुना, नावाजलेला. तिथे दलाल असतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारा. तो दोघांकडून घेतो आणि सौदा झाला तरच घेतो. पण जुने शेतकरी बाजाराला जाताना गावातला एखादा जाणता म्हाताराही सोबत नेत. तो बैलाचं तोंड उघडून दात पाहणार, आदत की दुसा ते सांगणार, खांदा दाबणार, चार पावलं चालवून मागचा पाय कसा पडतो ते बघणार आणि बऱ्याचदा एवढंच म्हणणार, "चल, पुढं बघू." त्याचा चहा, जेवण, गाडीभाडं शेतकऱ्याकडे. वर एखादं धोतर किंवा पायली-दोन पायली तांदूळ. सौदा झाला नाही तरी हे सगळं त्याला मिळायचंच. सौदा न झाल्याने त्याच्या पोटाला चिमटा बसत नव्हता, म्हणूनच त्याच्या "पुढं बघू"ला वजन होतं.

म्हणजे सल्ल्याचे पैसे देण्याची रीत आमच्याकडे नाही, हे मी वर म्हटलं ते पुरतं खरं नाही. ती होती. मोफत सल्ल्याचा सुकाळ झाला तेव्हा ती मोडली.

पैसे कुणाकडून घ्यायचे आणि कुणाकडून नाही, याचा विचार करताना मला अभियंते सर विश्वेश्वरय्या आठवतात. ते 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले ते नाशिकला, आमच्या कसाऱ्याच्या घाटापलीकडे. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे बसले. त्यांच्या नावावर पेटंट होतं, पण सरकारी नोकरीत असताना लावलेला शोध म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही असं सांगतात. 1908 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार उडाला आणि 1909 मध्ये निजाम सरकारने त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं. शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवा, हा त्यांचा सल्ला. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातून पुढे उभे राहिले. त्यांनी नोकरी स्वतः सोडली होती, त्यांच्यावर माझ्यासारखी वेळ आली नव्हती. पण हात कुणाकडे पसरायचा आणि कुणाकडे नाही, याचा त्यांचा हिशोब नोकरीतही आणि नंतरही चोख होता. या धंद्यात पडणाऱ्याने स्थापत्यशास्त्राआधी तेवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

कारण मोह लगेच दारात येतो. गिरणीचं प्रकरण झाल्यावर थोड्याच दिवसांत यंत्रसामग्री विकणाऱ्या एकाचा फोन आला. बोलणं अतिशय गोड. "तुम्ही फिरताच आहात. आमचं नाव सुचवा, तुमचं जे काय असेल ते बघून घेऊ." घरात पगार यायचा थांबलेला असताना हे वाक्य कानाला किती बरं वाटतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडे नोकरीच धरा, निदान लोकांना कळेल तरी." मी नाही म्हणालो त्याचं अर्धं श्रेय तिचं.

नोकरीत असताना मला कच्चा माल नाकारायचा अधिकार होता. पण कोणतं यंत्र घ्यायचं, कोणता पुरवठादार धरायचा, हे वर ठरून यायचं आणि आम्ही त्याला मागाहून कारणं जोडायचो. मोठ्या कंपनीत ते तसंच चालतं. "हे घेऊच नका" असं तोंड भरून म्हणता येण्याची मोकळीक मला नोकरी गेल्यावर मिळाली, आणि ती टिकते ती फीवर. पैसे देणारा एकच आणि तोही समोर बसलेला, एवढी साधी अट आहे. सरकारच्या चांगल्या योजनांतही ही अट सुटते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि अर्जदाराच्या मदतीला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. योजना उपयोगी आहे, मी स्वतः लोकांना ती घ्यायला लावली आहे. पण त्या व्यक्तीचं मानधन मंजूर झालेल्या कर्जप्रकरणामागे ठरतं. "तुम्हाला या वर्षी कर्जाची गरज नाही" असं सांगणाऱ्याला त्यात काही मिळत नाही. ही त्या व्यक्तींची चूक नाही. मांडणीच तशी झाली आहे आणि ती बदलायला हवी.

व्यवहाराची बाजू रूक्ष आहे, पण नव्याने पडणाऱ्याने ती आधी शिकावी. उद्यम नोंदणी करून घ्यावी. कामाआधी दोन पानांचं का होईना पत्र लिहून घ्यावं, कारण 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, आणि आता प्राप्तिकराच्या कलमाने उशीर करणाऱ्याला त्या खर्चाची वजावटही लांबते. मुरबाड एमआयडीसीतल्या कारखान्यांना हे माहीत असतं, पत्र असेल तर बिल हलतं. खेड्यात मात्र कायदा खिशातच ठेवावा लागतो. ज्याच्याकडे पैसे अडकलेत तोच सरळगावच्या बाजारात भेटतो आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. पण तोच माणूस उद्या माझा सल्ला चुकला तर मला त्याच बाजारात गाठणार, हेही तितकंच खरं. मुंबईहून येणाऱ्या कंपनीच्या अहवालापेक्षा माझ्या दोन पानांवर तो अधिक भरवसा ठेवतो, त्याचं कारण माझी हुशारी नाही, माझं घर आसनगावला आहे हे आहे.

गिरणीवाल्याला शेवटी मी एक आकडा सांगितला. नव्या यंत्राच्या पहिल्या हप्त्यापेक्षा कमी, पण सांगताना लाजलो नाही. त्याने निम्मे दिले आणि निम्मे होळीनंतर. वर तांदळाचं एक पोतं, ते आईने दिलं.

सध्या मुरबाडकडच्या एका बचत गटाचं काम चालू आहे. बायका पापड, नाचणीचं सत्त्व आणि उन्हाळ्यात करवंदाचं लोणचं करतात. दुकानदार पाकिटं परत पाठवतात, म्हणून व्हॅक्यूम पॅकिंगचं मशीन घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मी परत आलेली पाकिटं पाहायला मागितली तर ती फेकून दिलेली. आता बायका प्रत्येक परत आलेल्या पाकिटावर तारीख आणि दुकानाचं नाव लिहून पत्र्याच्या डब्यात जमा करताहेत. माझी फी द्यायची की नाही यावर मासिक बैठकीत चांगलीच चर्चा झाली. एकीने विचारलं, मशीन घ्यायला सांगणार नसाल तर पैसे कशाचे? खजिनदार ताई म्हणाल्या, आधी डबा भरू दे, मग भाऊंनाच विचारू. पुढच्या बैठकीला मला बोलावलंय, पावतीपुस्तक घेऊन.