थंडीचा पहारा

कडाक्याच्या थंडीला आपण सहसा मृत्यूच्याच पक्षात धरतो; परंतु युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे व फिनलंड यांच्या सरहद्दीलगतच्या डोंगरांवर, खुरट्या भूर्जवृक्षांचे जे अरण्य शतकानुशतके तग धरून आहे, त्याच्या रक्षणात या थंडीचा वाटा किती मोठा आहे हे ध्यानी आले म्हणजे तो निवाडा फिरवावासा वाटतो.

या मुलखात एपिरिटा ऑटम्नाटा नावाचा, करड्या रंगाचा, पंख पसरूनही जेमतेम दीड इंच भरणारा एक पतंग राहतो. शरदाच्या सुमारास मादी भूर्जाच्या सालीवर आणि दगडफुलांच्या आडोशाला अंडी घालून मरते, आणि सूर्य आठवडेच्या आठवडे क्षितिजावर येत नाही असा सारा हिवाळा त्या अंड्यांना उघड्यावर कंठावा लागतो. वसंतात भूर्जाच्या कळ्या फुटतात त्याच वेळी अंडीही फुटतात. कारण सुरवंटाला पाने हवीत ती कोवळीच.

साधारणतः दर नऊ-दहा वर्षांनी या सुरवंटांची संख्या अतोनात वाढते आणि ऐन उन्हाळ्यात डोंगरउतार निष्पर्ण होतात. 1965च्या सुमारास फिनलंडमधील उत्स्योकीच्या परिसरात हजारांहून अधिक चौरस किलोमीटर अरण्याची अशी नासधूस झाली, आणि बुंध्याशी फुटलेले धुमारे रेनडियरांनी खाल्ल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते पुन्हा उभे राहिले नाही. तथापि अशा उत्पातांतही दऱ्यांच्या तळची झाडे पुष्कळदा हिरवीच राहतात. कारण निरभ्र, निर्वात रात्री जड झालेली गार हवा उतारावरून ओघळून तळाशी साचते, आणि तेथे पारा शून्याखाली सुमारे 36 अंशांच्याही खाली उतरला की अंडी मरतात. थंडीचा पहारा म्हणतो तो हाच.

हिवाळे सौम्य होत चालल्याने हा पहारा आता ढिला पडत आहे. पूर्वी थंडीमुळे जेथे निभाव लागत नसे अशा भागांत हा पतंग शिरला आहे. आणि ज्याची पंख खुंटलेली मादी खोडावरून चालतच शेंड्याकडे जाते, त्या ऑपेरॉफ्टेरा ब्रुमाटा या त्याच्या भाऊबंदानेही उत्तर नॉर्वेत आपला अंमल ईशान्येकडे वाढविला आहे. दोघांचे उत्पात पाठोपाठ आले म्हणजे झाडांना सावरायला उसंत मिळत नाही.

पतंग आपला जीवनधर्म पूर्वीसारखाच पाळीत आहेत. ऋतूंचा बंदोबस्त मोडला तो मानवाच्या चुलींनी आणि चिमण्यांनी, आणि या अरण्याच्या हानीचा जाब मानवालाच द्यावा लागेल.