डाव्या बाजूची जागा

सेवानिवृत्त माणसास भेटणारे लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "आता वेळ कसा जातो?" आणि दुसरा, "मुलांकडे राहावयास का जात नाही?" आम्हांस निवृत्त होऊन अकरा वर्षे लोटली. या अकरा वर्षांत दोन्ही प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकले की उत्तरे आता जिभेवर तयार असतात. परंतु तिसरा एक प्रश्न असतो. तो लोक विचारीत नाहीत, आणि आपणही आपल्या मनास विचारण्याचे टाळतो. तो आम्हांस एका संध्याकाळी रस्त्यावर भेटला. त्याचीच ही हकीकत.

आम्ही पेशाने रेल्वेचे इंजिन-ड्रायव्हर. भुसावळ हे आमचे ठाणे. आरंभी सहायक, मग मालगाड्या आणि शेवटची काही वर्षे प्रवासी गाड्या, अशी चढती कमान. भुसावळ-खंडवा मार्गावरील दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा, बऱ्हाणपूर ही सारी स्थानके काळोखातही आम्हांस तळहातावरील रेषांप्रमाणे ठाऊक होती. भुसावळ सोडले की गाडी तापीच्या पुलावर येते. हा पूल आम्ही किती वेळा ओलांडला असेल याची गणती नाही. पण पुलावर ड्रायव्हरची दृष्टी सिग्नलवर असावी लागते, पाण्यावर नव्हे. म्हणून निवृत्तीच्या दिवशी आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो, "जी नदी आम्ही जन्मभर नुसती ओलांडली, तिच्या काठी आता स्वस्थ बसावयाचे आहे." त्यांचे माहेर बऱ्हाणपूरचे. त्यांच्या वडिलांचे लहानसे घर राजघाटाजवळील एका गल्लीत होते. तेथे आम्ही बिऱ्हाड हलविले.

बऱ्हाणपूर हे राज्याच्या हिशेबाने मध्य प्रदेशात. परंतु जळगाव जिल्ह्याची हद्द इतकी लगत की बाजारात अर्धे बोलणे हिंदीत आणि अर्धे मराठीत चालते. राजघाटाच्या माथ्यावर शाही किल्ल्याच्या भिंती उभ्या आहेत. पलीकडच्या तीरावर जैनाबाद आणि आहूखाना. बादशहा शहाजहानची बेगम मुमताज महल 1631 साली याच शहरी चौदाव्या बाळंतपणात निधन पावली. तिचा देह प्रथम पैलतीरावरील बागेत ठेविला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्यास नेला. बागेच्या पडक्या भिंती पाहताना सौभाग्यवती प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलतात, "एवढा बादशहा, पण बाळंतिणीला वाचविता आले नाही!" इतिहासाचे याहून मोठे पुस्तक त्यांनी वाचलेले नाही, आणि आम्हांसही त्याची गरज भासलेली नाही.

घाटासमोर नदीच्या पात्रात एक दगडी हत्ती आहे. तो आमचा रोजचा सोबती. सकाळी फिरून आलो की आम्ही पायरीवर बसतो आणि खिशातील वहीत तारीख घालून पाणी हत्तीच्या कोठवर आले ते लिहितो. उन्हाळ्यात "पाय उघडे", पाऊस लागला की "पोटापर्यंत", मग "पाठीपर्यंत", आणि पूर आला की "हत्ती दिसत नाही". मुलताईजवळ उगम पावून 724 किलोमीटर चालत समुद्रास मिळणारी ही नदी वर कोठे पाऊस पडला ते हत्तीच्या अंगावर लिहून दाखविते. इंजिनावर असताना प्रत्येक फेरीची नोंद ठेवण्याची सवय जडली होती. ती हाताला स्वस्थ बसू देईना, म्हणून हा छंद. अशा सात वह्या भरल्या आहेत. त्यांचा कोणास काही उपयोग नाही, हे आम्ही जाणून आहोत.

वर्षातून दोन वेळा मात्र या शांत घराचे स्थानक होते. नाताळात आणि मे महिन्यात पुण्याहून चिरंजीव आणि सूनबाई येतात, वसईहून कन्या आणि जावईबापू येतात, आणि चार नातवंडे सारे घर डोक्यावर घेतात. आदल्या दिवशीच मावा जिलेबी सांगून ठेविलेली असते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आम्ही एक लहान मोटार घेतली होती. नातवंडे आली की त्या मोटारीतून सहली निघत. कधी नेपानगर, जेथील कागदाच्या गिरणीचे 1956 साली पंडित नेहरूंनी उद्घाटन केले. कधी जामा मशीद, जिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. आणि दर खेपेस कुंडी भंडारा, कारण धाकट्या नातवास त्याचे वेड.

कुंडी भंडारा ही जमिनीखालील पाण्याची योजना 1615 च्या सुमारास झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यात गोळा व्हावे आणि शहराकडे आपोआप वाहत यावे, अशी ती रचना. वरून पाहिले तर विहिरींसारख्या कुंड्यांची एक लांब ओळ दिसते. त्यांतून बोगद्यात हवा जाते आणि साफसफाईस माणूस उतरतो. नातवाने पहिल्या खेपेस विचारले, "आजोबा, पंप नाही, वीज नाही, मग पाणी पुढे कसे जाते?" आम्ही सांगितले, "उतारामुळे. बांधणाऱ्याने उतार इतका बेताचा ठेविला की पाणी थांबतही नाही आणि धावतही नाही." तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे तुमच्या गाडीसारखे." त्या दिवसापासून आम्हा दोघांची गट्टी.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही या नातवास आणि सौभाग्यवतींस घेऊन असीरगडास गेलो. 1601 साली अकबराने हा किल्ला घेतला, 1819 साली तो इंग्रजांच्या हाती गेला, वगैरे सारे नातवास सांगता सांगता गडावर अंमळ उशीर झाला. परतताना दिवस कलला होता. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर समोरून येणाऱ्या मालमोटारींचे दिवे डोळ्यांत भाल्यासारखे घुसत होते. आम्ही वेग कमी केला, पण तसे कोणास बोललो नाही. शहर जवळ आले असता डावीकडच्या केळीच्या शेतातून एक मनुष्य सायकलवर केळ्यांचे घड लादून रस्त्यावर आला. आम्हांस तो दिसला नाही. डावीकडे बसलेला नातू किंचाळला, "आजोबा, ब्रेक!"

मोटार थांबली ती सायकलीपासून हातभर अंतरावर. तो मनुष्य दचकून पडला, कोपर खरचटले, केळी रस्ताभर पसरली. आम्ही धावत जाऊन त्यास उठविले. सौभाग्यवतींनी पाण्याने जखम धुऊन रुमाल बांधला, आणि नातू एकेक घड उचलू लागला. तो मनुष्य रागावला असता तर बरे झाले असते. तो केवळ आमच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "बाबूजी, मैंने तो हाथ दिखाया था. आपको दिखा नहीं क्या?"

हाच तो तिसरा प्रश्न.

घर येईपर्यंत कोणी बोलले नाही. दारात उतरताना नातवाने हळूच विचारले, "आजोबा, हे बाबांना सांगायचे का?" आणि आम्ही, ज्यांनी त्यास लहानपणापासून खरे बोलण्याचे धडे दिले, ते आम्ही उत्तरलो, "त्यात सांगण्यासारखे काय आहे? काही झाले का?" नातू काही न बोलता आत गेला.

त्या रात्री जेवण गोड लागले नाही. आम्ही घाटावर जाऊन बसलो. मनात रेल्वेतील दिवस येऊ लागले. इंजिनावर दोन माणसे असतात. सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने पुकारावयाचा आणि दुसऱ्याने तो पुन्हा उच्चारावयाचा, असा दंडक आहे. दोघांनाही तो दिसत असतो, मग पुकारण्याचे कारण काय? कारण एवढेच की एकट्या माणसाच्या नजरेवर शेकडो उतारूंचे प्राण सोपवू नयेत. ड्रायव्हरच्या डोळ्यांची ठरावीक मुदतीने तपासणी होते, आणि वय वाढेल तशी ती मुदत आखूड होत जाते. लाल सिग्नल ओलांडला गेला तर तो अपराध मोठाच. परंतु आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यातच बजावले होते की, ओलांडून झाकणाऱ्यास इंजिनावर जागा नाही. सबंध सेवेत आम्ही लाल दिवा ओलांडला नव्हता. त्या संध्याकाळी ओलांडला, आणि तो झाकण्यासाठी एका तेरा वर्षांच्या मुलास साक्षी ठेविले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी सर्वांदेखत आम्ही चिरंजीवांस सारी हकीकत सांगितली. नातवास म्हणालो, "काल आम्ही तुला चुकीचे सांगितले." चिरंजीव रागावतील अशी अपेक्षा होती. ते बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बाबा, मला शंका होतीच. नाताळात आलो तेव्हा गाडीच्या डाव्या अंगाला दोन ठिकाणी खरचटलेले दिसले. पण ज्यांनी आयुष्यभर आगगाडी चालविली त्यांना मोटार चालवू नका असे कोणत्या तोंडाने सांगू?" आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "अहो, जेवताना डाव्या हाताशी ठेवलेली वाटी तुम्हांला दिसत नाही, हे मी पावसाळ्यापासून बघते आहे." म्हणजे घरातील प्रत्येकास सिग्नल दिसत होता, पुकारला मात्र कोणीच नव्हता. आमचा मान राखावा म्हणून ते गप्प, आणि आमचा मान जाऊ नये म्हणून आम्ही गप्प!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की मोतीबिंदू थोडा आहे, पण खरा रोग काचबिंदू. हा रोग बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. पुष्कळदा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू झिजते. प्रथम कडेची नजर जाते आणि समोरचे मात्र स्वच्छ दिसत राहते, त्यामुळे माणूस समजतो की आपले डोळे ठणठणीत आहेत. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमाने घातले तर उरलेली बहुधा राखता येते. आमच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेली होती. मोटार चालविण्याचा परवाना तीन वर्षांपूर्वीच नवा करून घेतला होता आणि त्याची मुदत अजून शिल्लक होती. पंचावन्नी उलटलेल्यास परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. परंतु डोळे परवान्याची तारीख वाचून झिजत नाहीत. घरी आल्यावर आम्ही चाव्यांचा जुडगा चिरंजीवांच्या हातावर ठेविला. हात थरथरला, हे लपविण्यात अर्थ नाही.

पुढील काही महिने कठीण गेले. मोटार दाराशी उभी, आणि आम्ही रिक्षाने बाजारात. मुलांकडे राहावयास जावे की काय हा विचार प्रथमच मनापासून केला. परंतु सौभाग्यवती म्हणाल्या, "गाडी गेली, पाय गेले नाहीत." घाट घरापासून पायी पाच मिनिटांवर आहे. तूर्त आम्ही येथेच आहोत. आणखी काही सिग्नल दिसला तर तो पुकारावयाचा, एवढे दोघांनी ठरविले आहे.

त्याच वर्षी नाताळात सारी मंडळी आली. दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "चला, असीरगडास जाऊ." ते चालकाच्या जागी बसले आणि आम्हांस शेजारी बसविले. बसताना ध्यानात आले की आपल्याकडील इंजिनात ड्रायव्हरची जागा डावीकडेच असते. मोटारीत आम्ही इतकी वर्षे उजवीकडे बसत होतो. आता पुन्हा आपल्या जुन्या बाजूस आलो. काम मात्र सहायकाचे. समोर काही दिसले की आम्ही पुकारतो, "बैलगाडी!" चिरंजीव उत्तरतात, "बैलगाडी!" डाव्या अंगाचे आम्हांस दिसत नाही, ते मागून नातू पुकारतो. केळीच्या त्या शेताशी येताच तो म्हणाला, "डावीकडे कोणी नाही." आम्ही तिघांनी ते वाक्य एकामागून एक उच्चारले, आणि सौभाग्यवती हसू लागल्या.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली असेल त्यांनी डोळ्यांतील दाब एकदा तपासून घ्यावा. आणि ज्यांच्या घरात काचबिंदूचा रोगी असेल त्यांनी तर अवश्य घ्यावा, कारण हा रोग पुष्कळदा घराण्यात चालत येतो. आमच्या चिरंजीवांनी आणि कन्येने तपासून घेतले आहे. आणि घरातील वडीलधाऱ्यांचे काही चुकते आहे असे दिसले तर मुलांनी ते आदराने, पण वेळीच बोलावे. आम्हां म्हाताऱ्यांस क्षणभर वाईट वाटेल. केळी विकणाऱ्या त्या माणसाच्या घरी जे होऊ शकले असते त्यापुढे ते काहीच नाही.

आज सकाळी वहीत लिहिले, "पाणी पोटापर्यंत." मग डोळ्यांत थेंब घातले आणि त्याचीही नोंद केली. आठव्या वहीत आता प्रत्येक तारखेपुढे दोन रकाने आहेत.